पेटीखालचा निळा रंग

सुखदेवा,

परवा तुझ्या पुण्यानुमोदनाला मी उभा राहून बोललो. भंतेजींचं झालं, तुझ्या खात्यातले दोघे बोलले, आसेगावचे सरपंच बोलले, आणि मग कुणीतरी माझ्याकडे बोट दाखवलं, "गजूमिस्त्री, तुमी तं लहानपनचे दोस्त. दोन शबद बोला." मी उठलो. मंडपाच्या कडेला तुझी फटफटी उभी केली होती आणि सीटवर हार घातलेला तुझा फोटो ठेवला होता. तिच्याकडे बघून जे सुचलं ते मी बोलून गेलो. म्हणालो, सुखदेवाचा या गाडीवर एवढा जीव होता की घरच्या माणसालाही तो तिला हात लावू देत नसे. लोकांनी माना डोलावल्या. पुढे बायकांमध्ये वत्सलावहिनी बसल्या होत्या. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी पुढचं विसरलो, हात जोडले आणि खाली बसलो.

लोकांना वाटलं, मिस्त्रीला भरून आलं. एकाने पाठीवर हातही ठेवला.

तू गाडीला हात का लावू देत नव्हतास, ते त्या मंडपात वहिनींना ठाऊक होतं आणि मला. पण तुझ्या बायकोला ठाऊक होतं ते मी रचलेलं होतं. खरं कारण एकट्या मला माहीत होतं, आणि तुलाही मी ते कधी सांगितलं नाही. दोन वर्षं होती माझ्याकडे. आठवड्यातून दोनदा तू दुकानात यायचास, लाकडी खोक्यावर बसून अर्धा कप चहा घ्यायचास, आणि मी दर वेळी दुसरंच काहीतरी बोलायचो. मग तुला कावीळ झाली आणि दहा दिवसांत तू गेलास. तुझा जन्म, तुझं शिक्षण, तुझी बदली आणि बढती हे सगळं खात्यातल्या लोकांनी कागदावरून वाचून दाखवलं. मला त्यातलं काही लिहायचं नाही. तुझ्या गाडीचा लाल दिवा, मी दिलेला निळा रंग आणि माझी जीभ, एवढ्याबद्दलच लिहायचं आहे.

गाडी तू घेतलीस तेव्हाच ती जुनी होती. अकोल्याचा कुणी इंजिनिअर निवृत्त होऊन गावी चालला होता, त्याच्याकडून तू ती आणलीस. परदेशी बनावटीची, लांबच्या प्रवासासाठी बांधलेली. रुंद सीट, मोठी टाकी, मागे दोन्ही बाजूंना पत्र्याच्या पेट्या. त्या पेट्यांत तुझा लसीचा थर्मास, सुया आणि रजिस्टर. गावोगाव तुला देवीडॉक्टर म्हणत. गाडीचा आवाज तुझ्या आधी गावात पोचायचा, आणि किन्हीराजाच्या बाया तो ऐकून लेकरांना घेऊन तुरीत लपायच्या. मग तू गावाच्या अलीकडेच इंजिन बंद करायला लागलास आणि ते धूड ढकलत, घामाघूम होऊन गावात शिरायला लागलास. मी तुला हसायचो. एवढी दणकट गाडी घेऊन शेवटी पायीच जातोस म्हणायचो. तू म्हणायचास, "बाप्पा, लेकरू हाती लागलं पाह्यजे. मंग गाडी डोक्यावर घेऊन जाईन."

तिच्या हेडलाइटच्या डोक्यावर बोराएवढा लाल दिवा होता. किल्ली फिरवली की तो लागायचा, आणि इंजिन सुरू होऊन डायनामो बॅटरीला करंट द्यायला लागला की विझायचा. चालत्या गाडीवर तो पेटला तर समजायचं की डायनामोकडून येणं बंद झालं, बॅटरीत जेवढं आहे तेवढ्यावर आता घर गाठायचं. हे मला तू शिकवलंस. मी ट्रॅक्टर आणि ट्रकवर हात बसवलेला माणूस, सातवीत शाळा सोडलेला. त्या गाडीचं इंग्रजी पुस्तक तू मांडीवर घेऊन बसायचास, वायरींचा नकाशा उलगडायचास आणि एकेक शब्द मराठीत करून सांगायचास. मी बोटात वायर धरून मागे मागे जायचो. कुठे तुला शब्द कळायचा नाही, कुठे मला वायर सापडायची नाही, आणि आपण दोघं उगाच एकमेकांवर डाफरायचो. वायरिंगचा मिस्त्री म्हणून वाशिमात माझं आज जे काही नाव आहे ते तुझ्या त्या वाचण्यातून झालं आहे. चारचौघांत मी हे कधी कबूल केलं नाही. लोक विचारत, कुठे शिकलास, आणि मी म्हणायचो, अनुभवातून.

रंग देण्याची गोष्ट माझ्याच डोक्यातली होती. रामनवमीच्या यात्रेत तू आठवडाभर पोहरादेवीला होतास, गर्दीत लेकरं शोधून शोधून टोचत होतास. परत आलास तेव्हा गाडीचा मूळ रंग कोणता होता हे सांगता येत नव्हतं. पुढे थोड्याच दिवसांवर चौदा एप्रिल. मी म्हटलं, जयंतीच्या मिरवणुकीत गाडी पुढे असू दे, मी रंगवून देतो. तुला निळा हवा होता. दोन डबे एकमेकांत मिसळून, पत्र्याच्या तुकड्यावर लावून बघून, तू "हा" म्हणेपर्यंत मी तो जमवला. दोन दिवस दुसरं काम हातात घेतलं नाही. घाई होती, पण हात आखडता घेतला नाही. सीट काढली, बोल्ट सैल केले, सीटखालच्या वस्तू उचलल्या, जिथे जिथे लोखंड दिसलं तिथे ब्रश फिरवला आणि रंग ओला असतानाच सगळं पुन्हा कसून टाकलं.

मिरवणुकीत तू पुढे गाडी चालवत होतास आणि मागे वहिनी बसल्या होत्या, पांढरं पातळ नेसून, एक हात तुझ्या खांद्यावर. मी शाळेच्या भिंतीपाशी उभा होतो. आमच्या आळीतला एकजण मला म्हणाला, "हे तुह्यं काम हाये काय बे?" त्याच्या विचारण्यात काय होतं ते मला कळलं, तरी मी हो म्हणालो. त्या दिवशी मला माझंच कौतुक वाटलं होतं. पुढे जे झालं त्याला ते कौतुकही कारण आहे. एकदा स्वतःला चांगला माणूस म्हणून पाहिलं की खोटं कबूल करणं फार जड जातं.

वहिनी दर रविवारी गाडी धुवायच्या. मी एकदा सकाळी तुझ्याकडे आलो होतो तेव्हा पाहिलं होतं. पदर खोचून, चिंधीने चाकाची एकेक तार पुसत होत्या आणि तू बाजेवर बसून रजिस्टर लिहीत होतास. त्या मला म्हणाल्या, "भाऊ, रंग काय देल्ला तुमी. मानूस दिसते त्याच्यात." तू म्हणालास, माझ्यापेक्षा जास्त ती गाडीची काळजी घेते, आणि त्या हसल्या. त्या घरातली ती पहिली मोठी वस्तू होती, आणि ती चमकवायचं काम त्यांनी कुणाला विचारून घेतलं नव्हतं.

मिरवणुकीला जेमतेम महिना झाला आणि दिवा चालत्या गाडीवर लागायला लागला.

तू गाडी घेऊन आलास. मी बल्ब बदलला, बॅटरीचं पाणी पाहिलं, टर्मिनल घासले. चार दिवसांनी तू परत. डायनामो उतरवून कार्बन नवे टाकले, आतलं तांबं पॉलिश पेपरने घासलं. आठवडाभर दिवा गप्प, मग पुन्हा चालू. सीटखाली रेग्युलेटरची छोटी पेटी असते, डायनामोचा करंट बॅटरीकडे केव्हा सोडायचा ते ती ठरवते. तिचं झाकण उघडून आतले पॉइंट साफ केले. दोन वायरी जोडलेला टेस्टिंगचा बल्ब घेऊन इकडून तिकडे करंट पाहिला, सगळीकडे पेटला. झाकण उघडलं, पण पेटी मी जागेवरून हलवली नाही. हलवायचं काही कारण मला दिसलं नाही.

चौथ्या खेपेला तू वही घेऊन आलास. एखाद्या गावात देवी निघाल्या की तू जसं शोधायचास, कुणाला, कुठे, केव्हा, आधी तो कुठे गेला होता, तसं तू त्या दिव्याचं लिहून ठेवलं होतंस. मालेगावच्या डांबरी रस्त्यावर गप्प. किन्हीराजाला आत वळलं की पेटतो. मानोऱ्याच्या रस्त्यावर एक खड्डा गेला की पेटतो, दुसरा खड्डा गेला की विझतो. गाडी धुतल्यावर दोन दिवस काही नाही. पंधरा दिवस धुतली नव्हती तेव्हा तीनदा. सगळं सरळ अक्षरात, रकाने पाडून. तू म्हणालास, "गजू, हे हालल्यानं होऊन राह्यलं. कुठंतरी काहीतरी धड टेकून नाही."

तू शोधलं होतंस, सुखदेवा. पुस्तक न उघडता, पाना हातात न घेता. तेव्हा दुकानात दोघे होते. शेजारचे पंक्चरवाले हाफिजमामू, आणि शेषराव ड्रायव्हर, ज्याच्या ट्रकचं वायरिंग मी करत होतो. मामू सहज म्हणाले, "डॉक्टर बराबर बोल रहा है, मिस्तरी." आणि माझं डोकं फिरलं. तीन वेळा मी खोललेली गाडी, आणि माझ्याच दुकानात मला सांगणार देवी टोचणारा.

मी म्हणालो, "पान्यानं झालं हे. डायनामोत पानी जाऊन राह्यलं. गाडी धुते कोन तुह्या घरी?"

"वत्सला धुते. ऐतवारी," तू म्हणालास. "पन पान्यानं असतं तं धुतल्यावर पेटाले पाह्यजे होता ना. इथं तं उलटं हाये." आणि तू वही माझ्यापुढे केलीस.

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. उत्तर नव्हतं म्हणूनच मी ते बोललो. "वस्तीत विहीर झाली तुमच्या, बरं झालं. पन जनमात पानी पाह्यलं नाही असं काय करता? वहिनीले सांग, डायनामो म्हस नोहे, बादल्या ओतून धुवाले."

शेषराव पोट धरून हसला. मामू हसले नाहीत, हातातली ट्यूब टबात दाबून बुडबुडे बघत राहिले. आणि तू हसलास. थोडंसं, ओठ न उघडता. मग तू वही मिटलीस आणि खिशात ठेवलीस.

आमच्या मळ्यात विहीर होती. भाजीपाल्याचा मळा, बारा महिने पाणी. शाळेतून येताना आपण तिथे थांबायचो आणि माझी आई तुझ्या ओंजळीत वरून पाणी सोडायची, तांब्या कुठे टेकणार नाही अशा बेताने. मग मी तोच तांब्या तोंडाला लावायचो. आपण दहा-अकरा वर्षांचे होतो. तू त्यावर कधी एक शब्द बोलला नाहीस, मीही बोललो नाही. त्या ओंजळीने पाणी प्यायलेल्या माणसाला मी म्हणालो की तुम्ही जन्मात पाणी पाहिलं नाही. शेषरावच्या बायकोने त्याचा ट्रक धुतला असता तर तिच्याबद्दल मी असं बोललो नसतो. माझ्या तोंडात ते आलंच नसतं. हे वाक्य मी आज तीनदा खोडलं आणि चौथ्यांदा लिहिलं.

तरीही इथपर्यंतचं कदाचित मला सहन झालं असतं. रागात माणूस बोलतो, नंतर ओशाळतो. पण पुढचं मी रागात केलं नाही.

दिवाळीनंतर तुला पंधरा दिवसांच्या ट्रेनिंगला नागपूरला जावं लागलं. गाडी तू माझ्याकडे ठेवून गेलास, म्हणालास, सावकाश बघ. एके दुपारी दुकानात कुणी नव्हतं. तुझी वही आठवली. काहीतरी धड टेकून नाही. मी सीट काढली आणि रंग दिल्यानंतर पहिल्यांदाच ती रेग्युलेटरची पेटी तिच्या दोन बोल्टांवरून उचलली.

खाली निळा रंग होता. अख्खा, चकचकीत, माझ्या ब्रशच्या रेघांसकट. ब्रशचा एक केसही त्यात चिकटलेला होता. त्या पेटीला अर्थिंगची वेगळी वायर नसते. तिचं बूड गाडीच्या लोखंडाला टेकलेलं असतं, तेच तिचं अर्थिंग. मध्ये मी रंगाचा थर दिला होता. बोल्टच्या आट्यांतून जेवढं लोखंड लोखंडाला लागेल तेवढ्यावर काम चालायचं, आणि खड्ड्यात गाडी आदळली की तेही सुटायचं. वहिनींनी गाडी धुतली की आट्यांतली धूळ जाऊन दोन दिवस ते धड लागायचं. मग डायनामो फिरतो, पण करंट बॅटरीकडे जात नाही, आणि दिवा पेटतो. टेस्टिंगच्या बल्बची एक वायर मी दर वेळी इंजिनाला लावत आलो होतो. एकदा जरी ती पेटीच्या बुडाला लावली असती तरी पहिल्या दिवशीच कळलं असतं. मी चाकूने रंग खरवडला, पांढरं लोखंड दिसेपर्यंत. बोल्ट कसले. मालेगावला जाऊन आलो, मुद्दाम खडकाळ वाटेने. दिवा लागला नाही. त्यानंतर तो कधीच लागला नाही.

रंगाच्या खपल्या दुकानाच्या जमिनीवर पडल्या होत्या. मी त्या हाताने गोळा केल्या आणि मागच्या नालीत टाकल्या. म्हणजे लपवायचं आहे हे तेव्हाच ठरलं होतं.

तू आलास, चक्कर मारून आलास, एवढा खूश झालास. "काय होतं रे?" म्हणून विचारलंस. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणालो, "आतून ओल धरली होती. सुकवून घेतली. आता फक्त पानी लागू देऊ नको."

तू किल्ली काढून घेतलीस. मग म्हणालास, "म्हंजे वत्सलेले म्या सांगतलं ते बरोबरच होतं."

मी म्हणालो, "हाव."

काय सांगितलंस, ते त्या वेळी मी विचारलं नाही. मला दिसत होतंच. वहिनी गाडीवर बसेनाशा झाल्या होत्या. माहेरी जायचं तर त्या एसटीने जात आणि तू मागून गाडीने जायचास. रविवारी तू ओल्या फडक्याने एकटाच गाडी पुसायचास. पुढे कधीतरी, चहा पिता पिता, तू आपणहून सांगितलंस. "म्या तिले म्हनलं, आजपासून गाडीले हात लावू नको. तं ते म्हने, आपल्या घरात बी हात लावू नको काय." तू हे सांगून हसायला गेलास आणि हसला नाहीस. मी खाली वाकून पक्कड शोधत राहिलो. पक्कड माझ्या हातातच होती.

आपला एक वाद अर्धाच राहिला आहे. मी म्हणायचो, धर्म बदलून फरक काय पडला, तूही तोच, मीही तोच. तू म्हणायचास, "मी तो नाही राह्यलो, गजू. तू तोच हायेस, हे खरं." मी ते थट्टेवारी न्यायचो. तुझ्या हातावर टाळी द्यायचो. आता तो वाद पुढे चालवायला मला काही मुद्दा उरलेला नाही.

अकोल्याच्या दवाखान्यात तुला भेटायला आलो तेव्हा तुझे डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते. एसटीत बसल्यापासून मी ठरवलं होतं की आज सांगायचं. शेजारच्या खाटेवर माणूस आहे म्हणून थांबलो. तो तर झोपला होता. तू माझं मनगट धरलंस, हात गरम होता, आणि म्हणालास, "आठ दिवसाले एक डाव किक मारजो गाडीले. तुह्यामुळं टिकली ते." मी म्हणालो, तू उठ आणि तूच मार. खाली येऊन दवाखान्याच्या नळावर तोंड धुतलं आणि परतीची गाडी पकडली. तिसऱ्या दिवशी निरोप आला.

मंडपात वहिनींनी माझ्याकडे पाहिलं ते विसरता येईना. काल सकाळी मी तुझ्या घरी गेलो. वहिनी सुपात ज्वारी निवडत होत्या. मी बसायच्या आत त्या म्हणाल्या, "गाडी तुमी घेऊन जा, भाऊ. माह्या हातानं ते बिघडते." त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. त्यांना ते खरंच वाटत होतं.

मी दार लोटून घेतलं आणि सगळं सांगितलं. रंग, पेटी, खपल्या, नाली. दुकानात काय बोललो तेही शब्दाला शब्द सांगितलं, कारण एकदा सांगायला बसलो तर काही गाळायचं नाही असं ठरवून गेलो होतो. पाण्याचं आलं तेव्हा त्यांचे हात सुपात थांबले. मला वाटलं, जुनी जखम आहे, दुखणारच. मी पुढे बोलत राहिलो.

माझं संपल्यावर त्यांनी विचारलं, "हे त्यायले सांगतलं होतं?"

"नाही."

"काल मंडपात इतले मानसं होते. तवा काहून नाही बोल्ले?"

मी खाली पाहिलं.

"मले नाव ठिवलं तं चार मानसात ठिवलं. अन् खरं सांगाले आले तं दार लोटून." त्या उठल्या आणि दार उघडलं. "जिथं बोल्ले तिथंच जाऊन सांगा. मंग मले येऊन सांगा, काय झालं ते."

मी तसाच दुकानात आलो. शेषरावचा ट्रक समोरच उभा होता. त्याला हाक मारली, मामूंना बोलावलं, आणि उभ्यानेच सांगितलं. चूक माझी होती, रंग मी लावला होता, त्या बाईचा काही दोष नव्हता, आणि मी जे बोललो ते बोलायला नको होतं. शेषराव ऐकत होता, पण त्याच्या कपाळावर आठी होती, काहीतरी आठवायचा प्रयत्न करणाऱ्या माणसासारखी. शेवटी म्हणाला, "कवाची गोठ हाये हे? मले तं कायी याद नाही, मिस्त्री. येवढ्यासाठी बलावलं?" आणि मग त्याच्या हॉर्नचं काय झालं ते विचारलं.

मामू म्हणाले, "मेरे को याद है." फडक्याने हात पुसत ते आपल्या दुकानाकडे वळले. जाताना एवढंच म्हणाले, "उस दिन मैं भी चुप बैठा."

संध्याकाळी पुन्हा वहिनींकडे गेलो. या खेपेला दार उघडंच ठेवलं. सांगितलं, मामूंच्या लक्षात आहे, शेषरावच्या नाही. मला वाटत होतं त्या आता काहीतरी मोठं बोलतील, शिव्या देतील, किंवा जाऊ द्या म्हणतील, आणि खरं सांगतो, मी त्या "जाऊ द्या"ची वाट पाहत होतो.

त्या म्हणाल्या, "पान्याचं बोल्ले ते मले ठाऊक नोतं, भाऊ. त्यायनं घरी येऊन येवढंच सांगतलं, डायनामोत पानी जाते, गाडीले हात लावू नको. हासले मानसं, हे नाही सांगतलं. विहिरीचं नाही सांगतलं. मले आज सकाळी कळलं, तुमच्या तोंडून."

मी उभाच राहिलो.

"त्या रोजी ते जेवले नोते," त्या म्हणाल्या. "ताट वाढलेलं तसंच. म्या इचारलं तं म्हने, डोकं दुखते. दोन वर्सं मले वाटे, म्या गाडी बिघडवली म्हून मानूस जेवला नाही."

त्या चूल पेटवायला आत गेल्या. मी घरी आलो आणि आज हे लिहायला बसलो.

तू हसला होतास एवढंच मी दोन वर्षं धरून होतो, सुखदेवा. तो हसला, म्हणजे त्याला लागलं नाही, अशी मी स्वतःची समजूत घालत आलो. तू ते वहिनींपर्यंत जाऊ दिलं नाहीस, तुझ्यापाशीच ठेवलंस, आणि काल मी मन मोकळं करायला गेलो आणि त्यांच्या हातात ते देऊन आलो. त्या दिवशी तू जेवला नव्हतास हे मला ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळचं मात्र आठवतं. तू नेहमीच्या वेळेला दुकानात आलास, खोक्यावर बसलास आणि आपल्या दोघांसाठी चहा सांगितलास. मी तो प्यालो.